भेंडीच्या वावरातली आग: लाल मुंग्यांचं एक प्रकरण

वर्धा-यवतमाळ पट्ट्यात ओलिताच्या भाजीपाल्यात जे वारंवार दिसतं, ते इथे एकाच वावरावर मांडलं आहे. प्रकरण नमुन्याचं आहे, म्हणून गावाचं किंवा शेतकऱ्याचं नाव दिलेलं नाही. वारुळांचे आणि गळत्यांचे आकडे या वावरापुरते धरावेत. मुंगीच्या स्वभावाबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र कुठल्याही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तपासून घेता येईल.

एक एकर उन्हाळी भेंडी, काळी भारी जमीन, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोबलेली. १६ मिमीच्या इनलाइन लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, विहिरीवर मोटार. तीन बाजूंनी रुंद धुरा, त्यावर गाजर गवत माजलेलं. चौथ्या बाजूला मागल्या हंगामातल्या पऱ्हाट्यांचा ढीग, जो सरपणाला न्यायचा म्हणून तसाच पडलेला. मार्चच्या शेवटी तोडा सुरू झाला आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रार आली.

तक्रार खरं तर तीन तुकड्यांत आली, आणि शेतकऱ्याने तिन्हींचे गुन्हेगार वेगवेगळे धरले होते. लॅटरल रोज आठ-दहा ठिकाणी गळत होत्या. तो दोष खारींवर टाकला. कळ्या आणि कोवळी फळं देठाशी खरवडलेली दिसत होती; तिथे अळी समजून एक फवारणी झाली. उगवण विरळ झाली म्हणून दोनदा पुन्हा टोबावं लागलं होतं. त्याचं खापर बियाण्यावर फुटलं. चौथी गोष्ट तक्रारीत नव्हतीच, ती तोड्याला येणाऱ्या बायांनी सांगितली: "त्या वावरात हात घालत नाही आम्ही, हाताले आग लागते." चारही गोष्टींच्या मुळाशी एकच मुंगी निघाली.

ओळख

लाल मुंगी म्हटलं की विदर्भात दोन-तीन वेगवेगळे प्राणी डोळ्यांपुढे येतात, आणि पहिला घोटाळा इथेच होतो. आंब्यावर पानं शिवून घरटं करणारी, जिची गडचिरोलीकडे चटणी होते, ती वेगळी. ती कडाडून चावते आणि चावलेल्या जागी आम्ल सोडते, पण तिला नांगी नसते. वावरातली ही मुंगी जमिनीत राहते आणि नांगीने डसते. काळा मोठा मुंगळा तर बाजूलाच ठेवा, त्याच्या कमरेला एकच गाठ असते.

दहापट भिंगाखाली तीन गोष्टी पाहायच्या. कमरेला दोन गाठी. मिशीला दहा सांधे, त्यांतले टोकाचे दोन फुगीर, गदेसारखे. आणि पाठीच्या मागच्या बाजूला काटे नाहीत. मोठ्या डोक्याची दुसरी एक मुंगी आपल्याकडे सर्रास दिसते, फेइडोल. तिच्या पाठीवर काटे असतात आणि मिशीचे टोकाचे तीन सांधे फुगीर असतात. तिलाच हिच्या नावाने मारणं फार चालतं. खात्रीची खूण म्हणजे एकाच रांगेत लहान-मोठ्या सगळ्या मापाच्या मुंग्या, साधारण ३ ते ६ मिमी, आणि त्यांतल्या सगळ्यांत मोठीचं डोकं जवळजवळ चौकोनी, मधोमध खाच पडलेलं. ते डोकं म्हणजे जबड्याच्या स्नायूंचं कोठार. दाणे फोडणं हे या मोठ्या मुंग्यांचं काम.

ही सोलेनॉप्सिस जेमिनाटा, उष्ण कटिबंधातली अग्निमुंगी. शास्त्रीय नाव १८०४ चं, फाब्रिशियसने दिलेलं. मोबाइलवर ज्या भयंकर वारुळांचे व्हिडिओ फिरतात, ती हिची दक्षिण अमेरिकन चुलत बहीण, सोलेनॉप्सिस इन्विक्टा. ती अमेरिकेतल्या अलाबामात १९३० च्या दशकात बंदरातून शिरली आणि तिने दक्षिणेकडची राज्यं व्यापली. आपल्या वावरातली ती नव्हे. पण आपलीही मूळची इथली नाहीच. मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून ती सोळाव्या शतकात आशियात उतरली, हे जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. म्हणजे भिवापुरी मिरचीचे पूर्वज आणि ही मुंगी एकाच मुलखातले, आणि दोघींची ख्याती आगीचीच.

वारुळ शोधताना व्हिडिओतला घुमट डोळ्यांपुढे ठेवला तर एकही सापडत नाही. काळ्या जमिनीत हिचं वारुळ म्हणजे भुसभुशीत, दाणेदार मातीचा पसरट थर, त्यात इकडेतिकडे भोकं, आणि कडेला गवताच्या बियांचा सोललेला कोंडा. कोंड्याचा ढीग दिसला की समजावं, खाली धान्याचं कोठार आहे; टोबलेलं बीही तिथेच गेलं होतं. भेगांचा फायदा घेऊन वाटा मीटरभर खोल जातात. संशय असेल तर काडी खुपसून दोन पावलं मागे व्हायचं: काही सेकंदांत काडीवर मुंग्यांची लाट चढते. काडीच्या वरच्या निम्म्या भागाला टाल्कम पावडर चोळलेली असली तर त्या हातापर्यंत पोचत नाहीत, पाय घसरतात. गमबुटांनाही तेच करावं.

या एकरात चौदा वारुळं मोजली. प्रत्येकाजवळ चिंधी बांधलेली काडी रोवली. अकरा धुऱ्याच्या कडेला किंवा मेन लाइनच्या गळक्या जोडावर होती. नांगर फिरत नाही, सावली आहे आणि ओल कायम आहे, अशा तिन्ही सोयी एकत्र मिळाल्यावर मुंगी दुसरीकडे कशाला जाईल?

खारीचा दात आणि मुंगीचा जबडा

कापलेल्या लॅटरलचे तुकडे उजेडात धरून पाहिले. खार किंवा उंदीर कुरतडतो तेव्हा दातांच्या जोडीच्या समांतर खोबण्या उमटतात आणि प्लॅस्टिक मोठ्या तुकड्यांत निघतं. इथे भोक ड्रिपरच्या तोंडापाशीच होतं, कड बारीक खरवडल्यासारखी, बाहेरून रुंद आणि आत निमुळती. एप्रिलच्या उन्हात पाणी बंद झालं की ओल शिल्लक राहते ती ड्रिपरच्या तोंडाशी. मुंग्या तिथे जमतात, तोंड मोठं करत जातात. मग ड्रिपर थेंबाऐवजी धार सोडतो, पुढच्या झाडांना पाणी पोचत नाही, आणि धारेखालची ओली माती आणखी मुंग्या बोलावते. पातळ भिंतीची नळी आधी जाते, जाड भिंतीची टिकते. खर्च वाचवायला पातळ नळी घेतली होती, तो हिशेब इथेच उलटला.

कळ्यांवरच्या खरवडीचा संबंध माव्याशी होता. भेंडीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा होता आणि धुऱ्यावरच्या गाजर गवतावर पिठ्या ढेकूण. हे किडे गोड चिकट द्रव टाकतात, मुंग्या तो प्यायला वर चढतात, कोवळे देठही खरवडतात, आणि मोबदल्यात त्या किड्यांची राखण करतात. त्या राखणीमुळे मित्रकिडे जवळ फिरकू शकत नाहीत; पिठ्या ढेकणावर जगणाऱ्या एनासियस या इवल्या गांधीलमाशीचीही तीच गत. कपाशीवर पडून विदर्भाला रडवणाऱ्या पिठ्या ढेकणाचं शास्त्रीय नाव फेनॅकोकस सोलेनॉप्सिस आहे. १८९८ मध्ये अमेरिकेत त्याचं वर्णन झालं तेव्हा तो याच मुंगीच्या वारुळात, मुळांवर सापडला होता, आणि मुंगीचं नाव त्याला चिकटलं. सोबत इतकी जुनी आहे. धुऱ्यावरचं गाजर गवत तसंच ठेवून मुंगीवर औषध टाकणं म्हणजे दुकान उघडं ठेवून गिऱ्हाइकाला हाकलणं.

आधी काय केलं होतं

चार उपाय होऊन गेले होते. पहिला, वारुळावर रॉकेल. दुसरा, क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचं पाणी पंपाने वारुळावर ओतणं. तिसरा, घरात पडून असलेले फोरेट या कीटकनाशकाचे दाणे. चौथा, कुदळीने खणून काढणं.

फोरेटबद्दल आधी बोलू, कारण ती चूक मुंगीपुरती राहत नाही. फोरेटच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. भेंडीचा तोडा एकाआड एक दिवस असतो, अंतरप्रवाही विष मुळातून वर चढतं आणि तेच फळ दोन दिवसांत बाजारात जातं. उरलेले दाणे वावरात टाकायचा विषयच संपला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले, त्या जिल्ह्याच्या शेजारी बसून हे वेगळं सांगायला नको होतं, तरी सांगावं लागतं.

बाकी तीन उपायांनी मुंग्या भरपूर मेल्या, वारुळं मात्र वाढली. क्लोरपायरीफॉस ओतल्यावर आठवडाभराने तीन वारुळांची पाच झालेली दिसली. याचं कारण वारुळाच्या रचनेत आहे. वर दिसणाऱ्या कामकरी मुंग्या हा वारुळाचा खर्चाचा भाग. अन्न शोधायला बाहेर पडतात त्या बहुधा वयस्कच असतात. राणी खाली असते. वरून ओतलेलं पाणी काळ्या मातीत पहिल्या वीतभर थरातच मुरतं, किंवा भेगेतून सरळ खाली निघून जातं, बाजूच्या दालनांना शिवतही नाही. वास आणि धक्का लागताच कामकरी पिल्लं आणि राणीला उचलून वाट धरतात. या जातीत एकराणी वारुळं असतात तशी अनेकराण्यांचीही असतात, आणि अशी वसाहत विस्कटली की एकेका राणीसोबत एकेक टोळी वेगळा संसार थाटते. कुदळीने नेमकं हेच काम करून दिलं.

मुंगी खाते कशी

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा उपाय यावर उभा आहे. प्रौढ कामकरी मुंगीला घट्ट अन्न गिळता येत नाही. तिच्या तोंडाशी बारीक गाळणी असते, त्यातून द्रवच आत जातो: साखरपाणी, माव्याचा चिकटा, तेल. किड्याचा तुकडा किंवा फोडलेला दाणा ती वारुळात नेते आणि मोठ्या झालेल्या अळीच्या तोंडाखाली, पोटावर, जणू ताटात वाढल्यासारखा ठेवते. अळी त्यावर पाचकरस सोडते, तुकडा विरघळतो, आणि तो रस कामकरी पुन्हा चाटून घेतात, तोंडातोंडाने एकमेकींना आणि राणीला देतात. घरात कमावतं कुणी आणि पचवतं कुणी, असा प्रकार. एक थेंब अशा रीतीने दिवसा-दोन दिवसांत वारुळभर फिरतो.

म्हणून विष ताबडतोब मारणारं असलं की ते वाटेतच संपतं: वाहणारी मुंगी मरते, राणीपर्यंत घास जात नाही. विष मंद हवं, चवीला जाणवू नये इतकं कमी हवं, आणि मुंगीला हव्या त्या रूपात हवं. परदेशात मक्याच्या भरड्याला सोयाबीन तेलात विरघळवलेलं मंद औषध चोळून ते दाणे पसरतात, तत्त्व हेच. तयार आमिष घ्यायचं असेल तर लेबलवर पीक आणि मुंगी दोन्ही लिहिलेली आहेत का ते पाहावं. घरातल्या झुरळांची जेल भेंडीत चालत नाही.

या वावरात बोरिक ऍसिड वापरलं. प्रमाण: १ लिटर कोमट पाणी, १०० ग्रॅम साखर, १० ग्रॅम बोरिक ऍसिड, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून. म्हणजे १ टक्का. पहिल्या वेळी शेतकऱ्याने "जरा कडक असू दे" म्हणून ५० ग्रॅम टाकलं. दोन दिवसांत बाटलीभोवती मेलेल्या मुंग्यांचं कडं पडलं, तो खूश झाला, आणि तिसऱ्या दिवसापासून एकही मुंगी बाटलीकडे फिरकली नाही. बाटलीजवळ प्रेतं दिसणं ही अपयशाची खूण आहे. बरोबर जमलं की बाटलीवर फक्त रांग दिसते, मरण खाली घडतं.

बाटली साधी, अर्ध्या लिटरची. तळापासून दोन बोटं वर तीन-चार भोकं, आत कापूस, १०० ते १५० मिली द्रव, तो कापसाने शोषलेला. आडवी ठेवून वर मातीचं खापर किंवा पाचट, कारण उन्हात द्रव दाट होतो आणि आंबतो. दर तीन-चार दिवसांनी धुऊन नवा. वारुळाच्या डोक्यावर ठेवायची नाही, येण्याजाण्याच्या वाटेवर हातभर दूर ठेवायची. द्रव मातीत ओतायचा नाही, कारण बोरॉन जास्त झालं की भेंडीची पानं कडेने करपतात. आणि बोरिक ऍसिड दिसायला पिठीसाखरेसारखं असतं, तेव्हा त्याचा डबा स्वयंपाकघरात जाता कामा नये. बाटल्यांवर लाल रंगाने खूण केली, लेकरं आणि बकऱ्या तोडा संपेपर्यंत त्या बाजूला सोडल्या नाहीत.

वेळेचं गणित आणखी वेगळं. एप्रिलमध्ये विदर्भात सकाळी दहानंतर जमीन इतकी तापते की ही मुंगी वर येतच नाही. कूट ठेवून परीक्षा केली: कागदाच्या तुकड्यांवर शेंगदाण्याचं कूट आणि शेजारी साखरपाण्यात भिजवलेला कापूस. दुपारी बाराला अर्धा तास वाट पाहून एकही मुंगी नाही. संध्याकाळी साडेसहाला वीस मिनिटांत कागद लाल. कुटावर गर्दी जास्त होती, पण चौदापैकी अकरा ठिकाणी साखरपाण्यावरही रांग लागली, त्यामुळे पातळ आमिष चालेल हे ठरलं. पुढच्या वेळी नव्या द्रवाच्या बाटल्या संध्याकाळी ठेवल्या आणि ठिबक आदल्या दिवशी बंद ठेवलं. तहानेलेली मुंगी बाटलीवर लवकर येते, आणि काळी जमीन एक दिवसाचा ताण सहज काढते.

डंख

ही मुंगी आधी जबड्याने कातडी पकडते, मग त्या आधारावर गोल फिरत नांगी पुन्हा पुन्हा टोचते. म्हणून एका मुंगीच्या जागी तीन-चार टिपके दिसतात. झटकून ती सुटत नाही, पाण्यात हात घातल्यावर आणखी घट्ट धरते. कापडाने किंवा तळहाताने खरडून काढायची, तीही पटकन.

चुना, सोडा, कांदा हे सगळं लावून पाहिलेलं असतं. चुन्यामागचा तर्क असा की मुंगीत आम्ल, म्हणून वर अल्कली. पण अग्निमुंगीच्या विषाचा सुमारे ९५ टक्के भाग तेलकट अल्कलॉइडचा, म्हणजे आम्लाचा नव्हे तर अल्कलीच्याच गोत्रातल्या द्रव्यांचा असतो, त्यामुळे तो तर्क इथे लागू पडत नाही. चुन्याने कातडी मात्र भाजते. साबणाने धुणं, गार पाण्याची पट्टी, खाज असह्य झाली तर डॉक्टरच्या सल्ल्याने सेट्रिझिनसारखी गोळी, एवढं पुरतं. फोड आला तर फोडायचा नाही, कारण तो जंतूंमुळे आलेला नसतो. फोडल्यावर जंतू आत शिरतात.

विषातला उरलेला थोडा प्रथिनांचा भाग काही माणसांना घातक ठरतो. तोड्यातल्या एका बाईला पहिल्या दोन वेळा फक्त आग झाली, तिसऱ्या वेळी अर्ध्या तासात अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, घशात दाटल्यासारखं झालं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसायचं नाही: १०८ ला फोन, आडवं झोपवून पाय वर, श्वास लागत असेल तर बसतं करायचं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मांडीच्या स्नायूत ऍड्रेनालिन. ती बरी झाली, पण तिला पुढे या वावरात तोड्याला पाठवणं म्हणजे जुगार. तिला तोडलेली भेंडी निवडण्याचं काम दिलं. बाकीच्या बायांना लांब मोजे सलवारीवर चढवून आणि हातमोज्यांवर पावडर लावून तोडा करता आला.

तीन आठवडे

दुरुस्त प्रमाणाच्या बाटल्या ठेवल्यापासून चौथ्या दिवशी प्रत्येक बाटलीवर दाट रांग होती. दहाव्या दिवशी रांगा विरळ. एकविसाव्या दिवशी काडी खुपसून पाहिल्यावर चौदापैकी नऊ वारुळांतून काहीच वर आलं नाही. मुंगीचं अंडं ते प्रौढ हे चक्र साधारण महिनाभराचं असतं, त्यामुळे राणी मेली तरी कोशांतून नव्या मुंग्या काही दिवस निघत राहतात. पहिल्या आठवड्यात हात टेकून मोकळं होणारे इथेच चुकतात.

उरलेल्या पाचांपैकी तीन माव्याने भरलेल्या ओळींजवळ होती. तिथे मुंग्यांना बाटलीपेक्षा झाडावरचा चिकटा सोपा पडत होता. ५ टक्के निंबोळी अर्काच्या दोन फवारण्या, सात दिवसांच्या अंतराने, आणि धुऱ्यावरचं गाजर गवत उपटल्यावर त्याही बाटल्यांवर आल्या. बाकी दोन गोठ्याजवळची. तिथे सांडलेली सरकीची ढेप रोज मिळत असेल तर साखरपाण्याला कोण विचारतो? त्या दोन्हींवर पहाटे उकळतं पाणी ओतलं, प्रत्येकी १२ लिटर, हळूहळू. पहाटे पिल्लं वरच्या थरात असण्याची शक्यता जास्त. एकदा ओतून भागेलच असं नाही. इथे एक वारुळ पहिल्या वेळी गेलं, दुसऱ्याला आठवड्याने पुन्हा द्यावं लागलं. भेंडीच्या मुळांजवळ हा उपाय करायचा नाही.

मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीतही मुंग्या निघाल्या, संपर्कपट्ट्यांच्या मधे अडकून मेलेल्या. मोटार मधेच पडायची ती त्यामुळे. फ्यूज काढून, ब्रशने साफ करून, वायरच्या भोकात रबरी बूच बसवलं.

लॅटरलपैकी धुऱ्याकडच्या चार ओळी जाड भिंतीच्या नळीने बदलल्या, मेन लाइनचे गळके जोड आवळले. गळती रोज आठ-दहा होती ती महिनाभराने आठवड्याला एक-दोनवर आली.

शेजारच्या वावरात, जिथे जूनमध्ये कपाशी लागायची होती, तिथली वारुळं मात्र मुद्दाम सोडली. पऱ्हाटीत ही मुंगी बोंडअळीची अंडी, जमिनीतले कोष, उधळी खाते. भाजीपाल्यात तिचा त्रास जास्त, कपाशीत फायदा जास्त, आणि एकाच शेतकऱ्याच्या दोन वावरांत तिच्याबद्दल दोन निर्णय होऊ शकतात.

जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर पंखवाल्या मुंग्या उडाल्या. संभोगानंतर नर मरतात, राणी पंख टाकून ओल्या मातीत दोन-चार बोटं खाली शिरते आणि एकटीच पहिली अंडी घालते. तेव्हा धुऱ्यावर काहीच दिसत नाही, म्हणून पाहणी सप्टेंबरात ठेवली होती. तेव्हा तीन नवी वारुळं सापडली, तळहाताएवढी, कोंड्याचा ढीग अजून नसलेली. दोघांजवळ बाटल्या ठेवल्या. तिसरं कपाशीत चार ओळी आत होतं, त्याजवळची काडी उपटून टाकली.